संमोहनाला लिहिता येतं, वाचता येत नाही

पणजीला मांडवीच्या काठाने चालत जुन्या सचिवालयापाशी गेलात की शेजारी एक पुतळा दिसतो. पायघोळ झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागच्या मागे कलंडते आहे. बहुतेक पर्यटक "भूत उतरवतोय वाटतं" असं काहीतरी पुटपुटत फोटो काढतात आणि नदीतल्या बोटींकडे वळतात.

हा आब्बे फारिया. जोझे कुस्तोदिओ द फारिया, जन्म १७५६, गाव कांदोळी. (हो, तेच कांदोळी, जिथे आपण लाँग वीकेंडला जातो.) मुलगा पंधरा वर्षांचा असताना बाप त्याला पोर्तुगालला घेऊन गेला, पुढे तो रोमला शिकला, पाद्री झाला आणि शेवटी पॅरिसला पोचला. त्याच्याबद्दलची एक आख्यायिका गोव्यात सगळे सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायची वेळ आली आणि समोरचा दरबार बघून फारियाची बोबडी वळली. बाप जवळच होता. त्याने हळूच कोकणीत सांगितलं, अरे, ही सगळी भाजी आहे, काप भाजी! भीती क्षणात पळाली आणि प्रवचन झकास पार पडलं. गोष्ट खरी असो वा नसो, पण फारियाने पुढे आयुष्यभर जे सांगितलं ते सगळं या एका वाक्यात आहे. दरबार होता तसाच राहिला. बदललं ते फारियाच्या डोक्यातलं चित्र.

फारियाच्या आधी पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरची चलती होती. त्याचं म्हणणं असं की विश्वात एक अदृश्य चुंबकीय द्रव भरलेला आहे, तो शरीरात अडला की माणूस आजारी पडतो आणि मी तो मोकळा करतो. लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या एका मोठ्या लाकडी टबाभोवती रोगी बसायचे, थरथरायचे, किंचाळायचे आणि त्यातले बरेचजण बरे होऊन घरी जायचे. १७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने याची चौकशी करायला समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, लाव्हाझिए होता. समितीने केलेला एक प्रयोग तर आजही टेस्टिंगच्या ट्रेनिंगमध्ये शिकवावा असा आहे. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका झाडात मेस्मरच्या शिष्याने 'चुंबकत्व' भरलं. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडाला मिठी मारायला लावली. चौथ्या झाडाशी मुलगा बेशुद्ध पडला. पण भारलेलं झाड तिथून चोवीस फूट लांब होतं!

समितीने निकाल दिला की द्रव वगैरे काही नाही, ही सगळी कल्पनाशक्ती. आणि विषय संपवला.

फारिया १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागला तेव्हा त्याने इथूनच पुढे सुरुवात केली. द्रव नाही हे मान्य. माझ्या हातात, नजरेत, कसलीही शक्ती नाही हेही मान्य. पण मग तो मुलगा पडला कसा? नुसत्या कल्पनेने एक धडधाकट पोरगा आडवा होत असेल तर ती कल्पना हाच अभ्यासाचा विषय नाही का? जे काही घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, मी फक्त सूचना देतो, असं तो सांगायचा. पॅरिसने त्याची टर उडवली. १८१६ मध्ये त्याच्यावर बेतलेलं एक प्रहसनच रंगमंचावर आलं. १८१९ मध्ये तो गरिबीत वारला. 'शक्ती माझ्यात नाही, तुझ्यात आहे' असं सांगणाऱ्या बुवाला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

इतकं पाल्हाळ लावायचं कारण असं की दोनशे वर्षं उलटून गेली तरी आपण या विषयावर त्याच दोन टोकांना लटकलेलो आहोत. एका टोकाला "हिप्नॉटिझम म्हणजे निव्वळ थोतांड" म्हणणारे आणि दुसऱ्या टोकाला "तुमच्या नैराश्याचं मूळ सबकॉन्शसमध्ये दडलंय, दोन दिवसांच्या शिबिरात शोधून देतो" म्हणणारे. माझं मत मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला भांडायला सोपं जाईल. संमोहन खरं आहे. पण आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला फक्त राइट परमिशन आहे, रीड परमिशन नाही. माणसाला काय जाणवतं, ते संमोहनाने काही प्रमाणात बदलता येतं. माणसाच्या बाबतीत पूर्वी काय घडलं, ते मात्र संमोहनाने वाचता येत नाही. जो उपचार करणारा पहिलं काम करतो तो कामाचा असू शकतो. जो दुसरं काम करतो म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

आधी राइटबद्दल.

१८४५ मध्ये बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा स्कॉटिश डॉक्टर होता. भूल देण्याचं औषध तेव्हा प्रचलित नव्हतं. त्याने रोग्यांना तासन्‌तास हातवारे करून गुंगीत नेलं आणि हायड्रोसीलची, हत्तीरोगाने झालेल्या प्रचंड गाठींची ऑपरेशनं केली. सरकारने समिती नेमून ती तपासली आणि कलकत्त्यात त्याला यासाठी वेगळं हॉस्पिटलही मिळालं. पण १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचं प्रात्यक्षिक झालं, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं आणि एस्डेलची पद्धत मागे पडली. ती खोटी होती म्हणून नव्हे. ईथर जवळजवळ सगळ्यांवर चालतं आणि मिनिटांत चालतं. संमोहनाचं तसं नाही.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९५९ मध्ये स्टॅनफर्डला वाइट्झेनहॉफर आणि हिलगार्ड यांनी सूचनाक्षमता मोजायची एक पट्टी तयार केली. त्यातून जे दिसलं ते पुढे पुन्हा पुन्हा दिसत राहिलं. साधारण दहा-पंधरा टक्के माणसं संमोहनाला जोरदार प्रतिसाद देतात, साधारण तितकीच जवळजवळ अजिबात देत नाहीत आणि उरलेली मधे कुठेतरी असतात. पंचवीस वर्षांनी त्याच माणसांची परत चाचणी घेतली तर आकडे फारसे हलले नव्हते. म्हणजे हा गुण बराचसा उंचीसारखा आहे. त्याचा भोळेपणाशी किंवा बुद्धीशी काही संबंध नाही.

ज्यांना जमतं, त्यांच्यात काय घडतं? मॉन्ट्रियलच्या पिएर रेनव्हिलने १९९७ मध्ये लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात बुडवले आणि संमोहनात सूचना दिली की वेदना नकोशी वाटणं वाढेल किंवा कमी होईल. पाणी तेच, तापमान तेच. मेंदूच्या स्कॅनमध्ये वेदनेचा 'त्रास' ज्याच्याशी जोडलेला आहे त्या अँटीरियर सिंग्युलेट भागाची हालचाल सूचनेप्रमाणे बदलली. स्पर्शाची नोंद घेणारा भाग मात्र होता तसाच राहिला. दुखतंय, पण छळत नाहीये, असा काहीसा प्रकार.

मला त्याहून आवडलेला प्रयोग अमीर राझचा आहे, २००२ चा. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असेल आणि तुम्हाला शाईचा रंग सांगायचा असेल तर तुम्ही अडखळता, कारण वाचणं थांबवता येत नाही. हा स्ट्रूप परिणाम. भल्याभल्यांना तो चुकवता येत नाही. राझने चांगली सूचनाक्षमता असलेल्यांना संमोहनात सांगितलं की आता जे दिसेल ते तुम्हाला न येणाऱ्या कुठल्यातरी परक्या भाषेतलं असेल. आणि अडखळणं नाहीसं झालं! शाळेपासून मुरलेलं वाचन एका सूचनेने तात्पुरतं बाजूला पडलं. अशा वेळी संमोहन ही झोपेसारखी वेगळी 'अवस्था' असते की फक्त एकाग्रता आणि अपेक्षा यांचा खेळ, यावर संशोधक अजून भांडतात. भांडू देत. परिणाम मोजता येतो, आपल्याला तेवढं पुरेसं आहे.

औषधोपचारात याचा सगळ्यात भक्कम उपयोग कुठे झाला असेल? पोटात! मँचेस्टरच्या पीटर व्होरवेलने १९८४ मध्ये इरिटेबल बॉवेलने गांजलेल्या तीस रोग्यांवर चाचणी केली. हे असे रोगी होते की ज्यांना कशाचाच गुण येत नव्हता. संमोहन घेतलेल्या गटाला खूपच जास्त आराम पडला. २००८ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने वर्षभर औषधं घेऊनही फरक न पडणाऱ्यांसाठी ज्या मानसिक उपचारांचा पर्याय सुचवला त्यात संमोहनोपचाराचं नाव आहे. मेंदू आणि आतडी यांच्यातली तार जास्तच ताणलेली असते, ती सैल होते. कुठलं गूढ मूळ खणायचं नाही की मागचा जन्म काढायचा नाही. पोटावर हात ठेवा, ऊब जाणवू द्या, आतला प्रवाह संथ होतोय असं बघा. असं आठवडा-आठवड्याने, महिनोन्‌महिने. कंटाळवाणं आहे, पण खरे उपचार बहुधा कंटाळवाणेच असतात.

मानसिक आजारांतही चिंता, भीती, झोप यांसाठी एखादा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ कॉग्निटिव्ह बिहेव्हियर थेरपीच्या जोडीला संमोहन वापरत असेल तर त्यात वावगं काही नाही. जोडीला, हा शब्द अधोरेखित करून वाचा. मीठ जेवणात असतं, मिठाचं जेवण नसतं.

आता रीडबद्दल. खरी गडबड इथे आहे.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सिनेमाने एक चित्र पक्कं बसवलंय. स्मृती म्हणजे हार्ड डिस्क. सगळं नोंदलेलं असतं, फक्त काही फाइल्स लपवलेल्या असतात आणि संमोहन म्हणजे अॅडमिन पासवर्ड. यातलं एकही विधान खरं नाही. आठवणं म्हणजे फाइल उघडणं नसून दर वेळी तुकड्यांतून नव्याने बांधणं असतं. तुकडे कमी पडले तर मेंदू शेजारून उसने आणतो. फोटोतून, आईच्या गोष्टीतून, परवा पाहिलेल्या मालिकेतून. आणि संमोहनाचा तर गुणच हा की त्यात सूचना चटकन आत घेतली जाते. म्हणजे ज्या क्षणी डेटाबेस कुणालाही लिहायला सताड उघडा असतो, नेमक्या त्याच क्षणी आपण त्यातून 'खरी' नोंद वाचायला निघालो आहोत! प्रोग्रामर मंडळींना हायझेनबग आठवेल. बघायला जावं तर बघण्यानेच बदलणारा बग. हा त्याच्याही पुढचा प्रकार आहे. इथे डीबगरच लॉगमध्ये ओळी घालतो आणि वर म्हणतो, बघा, सापडलं.

१९८३ मध्ये लॉरेन्स आणि पेरी यांनी 'सायन्स'मध्ये एक साधासा प्रयोग छापला. सत्तावीस सूचनाक्षम माणसांना संमोहनात सुचवलं की गेल्या आठवड्यातल्या अमुक एका रात्री मोठ्या आवाजाने तुम्हाला जाग आली होती. त्या माणसांनी स्वतःच आधी सांगितलेलं होतं की तशी काही जाग आली नव्हती. पण नंतर सत्तावीसपैकी तेरा जणांनी तो आवाज खरोखर ऐकल्याचं सांगितलं. एक सूचना, तेरा खोट्या आठवणी. आणि संमोहनाने आठवणींची अचूकता न वाढता त्यांच्यावरचा विश्वास मात्र वाढतो, हे मार्टिन ऑर्नसारखे संशोधक त्याच्याही आधीपासून सांगत होते.

गतजन्माचंही तेच. २००९ मध्ये टीव्हीवर 'राज़ पिछले जनम का' लागायचं, आठवतंय? लोक आडवे पडून रडायचे आणि आपण जेवता जेवता बघायचो. ओटावाच्या निकोलस स्पॅनॉसने प्रयोगशाळेत लोकांना 'गतजन्मात' नेलं होतं. त्यातल्या काहींना आधीच सांगून ठेवलं होतं की जुन्या काळी मुलांना फार छळत असत. त्यांच्या गतजन्मातलं बालपण इतरांपेक्षा जास्त छळाचं निघालं. जसं प्रास्ताविक, तसा जन्म.

गतजन्मावर एकवेळ हसता येतं, कारण त्या जन्मातला आरोपी आज जिवंत नसतो. या जन्मातलं 'मूळ' सापडलं की मात्र हसायची सोय राहत नाही. अमेरिकेत १९८० आणि ९० च्या दशकांत संमोहन, औषधं आणि सूचक प्रश्न वापरून लहानपणच्या अत्याचारांच्या 'दडपलेल्या आठवणी' बाहेर काढायची लाटच आली होती. कॅलिफोर्नियात नापा इथे १९९४ मध्ये एका बापाने मुलीच्या थेरपिस्टवर दावा जिंकला. सोडियम अमिटल देऊन मुलाखत घेतल्यावर मुलीच्या मनात बापाविरुद्धच्या आठवणी पक्क्या झाल्या होत्या. ज्युरीने पाच लाख डॉलर भरपाई दिली. घर, बायको, नोकरी तोवर गेलेली होती.

आपल्याकडे हाच मोह पोलिसांना झाला. तेलगीच्या नार्को चाचणीची चित्रफीत चॅनलवाल्यांनी मिटक्या मारत दाखवली होती. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही. आणि संमतीने केली तरी त्या गुंगीतलं बोलणं हा स्वतः पुरावा होत नाही. त्या माहितीवरून पुढे काही सापडलं तर ते ग्राह्य धरता येईल. माझ्या मते हा नियम प्रत्येक थेरपीच्या खोलीत फ्रेम करून लावावा. गुंगीतलं बोलणं हा पुरावा नाही. बाहेर काही सापडलं तर बोला.

माझ्या जुन्या टीममधल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगतो. वय तेव्हा तिशीच्या आत. लिफ्टमध्ये, मीटिंग रूममध्ये छाती धडधडायची, घाम फुटायचा. ईसीजी झाला, टू-डी एको झाला, सगळं नॉर्मल. कुणीतरी 'मुळापर्यंत जाणारी' थेरपी सुचवली. तिसऱ्या बैठकीत मूळ सापडलं. तो चार वर्षांचा असताना काकूने त्याला वाड्यातल्या अडगळीच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. अंधार, कडीचा आवाज, जुन्या गाद्यांचा वास, सगळं लख्ख. त्याने काकूशी बोलणं टाकलं. दीड वर्ष. दिवाळीला गेला नाही. वडिलांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाचं सांगितलं. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "अरे, वाडा तर बिल्डरला दिला तेव्हा तुझा जन्मसुद्धा झाला नव्हता."

खोली त्याने फोटोत पाहिली होती. कडीच्या गोष्टी आजीकडून ऐकल्या होत्या. उरलेलं सूचनेने लिहिलं. धडधड म्हणजे साधी सरळ पॅनिक डिसऑर्डर होती, जिच्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाची गोळी आणि सोबत सीबीटी यांनी सहा-सात महिन्यांत तो लिफ्टने ये-जा करायला लागला. काकूकडे जाऊन माफीही मागितली. काकू एवढंच म्हणाल्या, "तुला मी मांडीवर घेऊन भरवलंय रे." गोळी संपली, थेरपी संपली, हे वाक्य काही त्याच्या डोक्यातून जात नाही.

यावर नेहमी येणारा एक आक्षेप आहे. आठवण खरी असो की खोटी, माणसाला बरं वाटलं ना, झालं तर मग! आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. बरं वाटणं खरंच असतं, ते मी वर मान्य केलंच आहे. पण त्या बरं वाटण्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं ते बघा. इथे काकूच्या नावावर फाटलं.

आणि हे फक्त एसी क्लिनिकमध्ये घडतं असं समजू नका. आपल्याकडे अंगात येतं. एखादी बाई वर्षभर मान खाली घालून राबते आणि आरती सुरू झाली, हलगी कडाडली की घुमायला लागते. त्या तासाभरात घर तिच्या पाया पडतं, तिचं ऐकतं. या बदललेल्या जाणिवेमागे बऱ्याचदा दाबलेला ताण असतो, स्वसंमोहनासारखं काहीतरी असतं, हे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव समजावून सांगत होते. तिला त्यातून थोडा मोकळा श्वास मिळतो, इथपर्यंत मी कुणाला हसणार नाही. हा झाला राइट. पण मग गर्दीतला कुणीतरी विचारतो, "आई, माझं पोर बरं का होत नाही? करणी कुणी केली?" आणि घुमणाऱ्या तोंडातून एका म्हातारीचं नाव येतं. तो रीड! पुढे त्या म्हातारीचं गावात काय होतं हे पेपरात अधूनमधून वाचायला मिळतं. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाल्यानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने केला, त्यात अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करणं हा गुन्हा आहे. कायद्याने इथे बरोबर जागी बोट ठेवलंय. घुमण्याला कुणी अटक करत नाही. घुमून दुसऱ्याचं नाव घेतलं की मात्र हिशेब द्यावा लागतो.

एक गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहितो. लहान मुलांवर अत्याचार होतात, घरातलीच माणसं करतात आणि बोलायला कित्येकांना वीस-वीस वर्षं लागतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायलाच हवा. उलट त्यांच्यासाठीच हा नियम जास्त महत्त्वाचा आहे. खऱ्या आठवणीत संमोहनाने भेसळ झाली की कोर्टात समोरचा वकील त्या भेसळीवरच बोट ठेवणार आणि खरी आठवणही त्याबरोबर वाहून जाणार.

येत्या काळात हा प्रश्न आणखी मोठा होणार आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत हट्टी नैराश्यासाठी एसकेटामिनला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने ठराविक मानसोपचारतज्ज्ञांना एमडीएमए आणि सिलोसायबिन लिहून द्यायची परवानगी दिली. अमेरिकेच्या एफडीएने मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला नकार दिला. यातलं काही आजारांवर खरंच चालेल, आणि चालावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण जाणीव बदलणारं काहीही घेतलेला माणूस मातीसारखा मऊ झालेला असतो. त्याला आकार देता येतो, म्हणूनच त्याच्या तोंडून आलेल्या इतिहासाला पुरावा मानता येत नाही. रसायन कुठलंही असो, परमिशनचा नियम तोच.

मग करायचं काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. ही सगळी माणसं कुठेतरी जातातच. कुणी मांत्रिकाकडे, कुणी लॅमिनेट केलेल्या सर्टिफिकेटवाल्या शिबिरात. त्यांना 'तुम्ही मूर्ख आहात' म्हणून काही होत नाही. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरचं कुणी जाणार असेल तर आधी तीन प्रश्न विचारा.

एक, तुमचं शिक्षण काय? मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी असते. 'हिप्नोथेरपिस्ट' ही पाटी तेवढ्याने काहीच सिद्ध करत नाही. दोन, माझ्या चालू गोळ्यांचं काय? बंद करा, असं उत्तर ज्याने गोळ्या लिहून दिल्या त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी दिलं तर तिथून उठा. भास होत असतील, किंवा आत्महत्येचे विचार येत असतील तर संमोहनाच्या नादीच लागू नका, थेट डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री काहीच सुचत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. तुम्ही मला काय देणार, आराम की उत्तर? आराम म्हणाले तर किती बैठका, किती पैसे, फरक पडला नाही तर कधी थांबायचं हे विचारून घ्या आणि खुशाल प्रयत्न करून बघा. 'उत्तर देतो' म्हणाले, 'मूळ शोधतो' म्हणाले, तर चपला घाला. कारण मूळ सापडणार हे नक्की असतं. ते ज्याच्या अंगणात सापडेल तो माणूस त्या खोलीत नसतो, त्याला बाजू मांडता येत नाही, आणि बहुतेक वेळा तो आपल्याच घरातला असतो.